शास्त्रापुरते तीन चमचे

शेजारच्या गल्लीत कुणीतरी तीळ भाजतंय. तडतड इथवर येत नाही, वास तेवढा येतो, आणि वासाबरोबर माझ्या छातीच्या मधोमध, हाडाच्या मागं, घास अडकल्यासारखं होतं. अडकलेलं काही नाही. गेल्या वर्षी जे अडकलं होतं ते डॉक्टरांनी दुर्बिणीनं काढलं. तरी जानेवारी आला, ज्वारीचं पीठ पहाटे हाताला गार लागायला लागलं, गावाबाहेरच्या शेतांतून हुरड्याच्या आगट्यांचा धूर यायला लागला, आणि ती जागा आपोआप जागी झाली. मी पाण्याचा एक घोट घेते. तो खाली उतरतोय का, इकडं ध्यान लावून बसते. उतरतो. मग दुसरा घेते.

परवा कामावर आमची मालकीण अक्का म्हणाली, "यंदा भोगी करायची न्हाई." पीठ मळता मळता म्हणाली, कुणाकडं बघितलं नाही. सात चुलींवरचे सात हात थांबले आणि परत चालू झाले. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या भोगीला अक्कानं ऑपरेशन झालेल्या सुनंदाला भाकरी चारली आणि सुनंदा मरता मरता वाचली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर अक्कानं स्वतःच्या तोंडानं तसं सांगितलं होतं. सुनंदा म्हणजे मी. आणि तसं घडलं नव्हतं, हे मला एकटीला माहीत होतं.

मी मूळची कोकणातली. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. सातवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. इथलं ऊन, इथलं जड पाणी, इथली भाकरी, काहीच घशाखाली उतरेना. भाताशिवाय जेवण म्हणजे मला नुसतं चावणं वाटायचं. नवरा वारला तेव्हा माघारी जावं म्हटलं, तर तिकडं घर भावाचं झालेलं. अक्कानं मला कामावर घेतलं. ती अक्कलकोटच्या बाजूची; घरात कानडी, बाहेर मराठी, रागावली की दोन्ही. तिचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग चुलीच्या धगीला ठेवून पापडासारखी वाळवायची. ती महिनाभर टिकते. मी थापलेली पहिली भाकरी तिनं उचलून सगळ्या बायकांना दाखवली. "ह्यो कुटल्या गावाचा नकाशा हाय गं? तुज्या कोकणाचा का?"

तिनं थापायला शिकवलं आणि तिनंच जेवू घातलं. दुःखात माणसाची अन्नावरची वासना उडते म्हणतात. माझी उलट अन्नावर येऊन बसली ती उठलीच नाही. भाकरी, शेंगाचटणी, वर कच्चं तेल. एकटं माणूस ताटासमोर बसलं की त्याला कोण थांबवणार. दहा वर्षांत मी एकशे एकोणीस किलोची झाले. साखर झाली, गुडघे गेले. चुलीसमोर बसले की उठवायला दोघी लागायच्या. दुपारी पोत्यांवर लवंडले तर झोपेत श्वास थांबायचा, आणि अक्का पायानं ढोसून म्हणायची, "ए, हाईस का गेलीस?" सगळ्या हसायच्या. मीपण हसायचे. पण एका दुपारी ती हसली नाही. तिनं माझे हात धरून मला बसतं केलं आणि तशीच धरून राहिली.

कुठल्याशा धर्मादाय दवाखान्यात अशी ऑपरेशनं होतात हे तिनंच शोधून काढलं. तिनं रांगा लावल्या, कागद जमवले. फॉर्मवर पेशंटशी नातं काय, अशी रिकामी जागा होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं खिडकीतल्या माणसाला सांगितलं, "बहीण लिवा." तो म्हणाला, "सख्खी?" ती म्हणाली, "मग काय उसनी?" ती सही मी अजून विसरलेले नाही. अडखळत, एकेक अक्षर उभं करत केलेली. मी मेले असते तर त्या सहीखाली मेले असते.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. आधी भरलेल्या पिशवीसारखं जठर, मग त्याचा मोठा भाग कापून उरलेलं केळ्याएवढं. "एवढंच राहणार आता," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा दुखण्याच्या आधी मला तहान आठवते. सिस्टर औषधाच्या टोपणाएवढ्या कपात पाणी देई. तो कप अर्धा तास पुरवायचा. घोट घ्यायचा, थांबायचं, तो उतरेपर्यंत वाट बघायची. मी आयुष्यात तांब्यावर तांब्या रिचवलेली बाई, त्या टोपणातल्या पाण्यात माझं तोंड बघायचे.

घरी एकटीनं राहायची सोय नव्हती, म्हणून अक्कानं मला कामाच्या जागेमागच्या तिच्या खोलीत आणलं. पहिला आठवडा वरणाच्या वरचं पाणी, ताक, एक गोडसर पावडर. मग दोन आठवडे जरा दाट, पण गाळलेलं. मग पंधरा दिवस मऊ, कालवलेलं. भाकरी दोन महिन्यांनी, आणि तीही बघून. हे सगळं कागदावर लिहून आणलेलं होतं. अक्कानं तो कागद देवाच्या फोटोशेजारी चिकटवला होता. खाली मान घालून ती माझं पाणी गाळायची, फडक्यातून दोनदा. "आमच्या लगीनघरात पण येवडं गाळत न्हाईत," म्हणायची, पण गाळायची.

पोट केळ्याएवढं झालं होतं. डोकं मात्र जुनंच होतं, अख्ख्या परातीएवढं. मधली फक्त एक पत्र्याची भिंत, आणि पलीकडं दिवसभर सात चुलींवर भाकरी भाजली जात होती. भाजक्या ज्वारीला पहिल्या पाच मिनिटांत जो वास असतो तो मला भिंतीतून कळायचा: ही आता फुगली, ही आता उलटली, ही जरा करपली, ती बहुतेक शांताबाईची. उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली की लसणाबरोबर माझ्या जिभेखाली पाणी सुटायचं, आणि ते पाणीसुद्धा एकदम गिळायची चोरी. दारावरून कुणी गेलं तरी विचारायचं, "जेवलीस का?" शेजारची कानडी म्हातारी विचारायची, "ऊट आतेन?" तेही तेच. इथं माणसं भेटली की हेच विचारतात, त्यात वाईट काही नाही. मी म्हणायचे, "झालं." संध्याकाळी कोकणातून आईचा फोन. तिला ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. "जेवलंस काय गो?" "जेवलंय आये." "काय केलंलंस?" मग मी भात सांगायचे, माशाची आमटी सांगायचे, सोलकढी सांगायचे. सांगता सांगता जेवायचे.

एका दुपारी बायका घरी गेल्या तेव्हा मी भाकऱ्यांच्या थप्पीतला एक तुकडा मोडला आणि तोंडात धरला. चावला नाही. विरघळून पिठाची चव येईपर्यंत चोखला, मग थू करून चुलीच्या राखेत टाकला आणि वरून राख ओढली. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे. मांजर जसं झाकतं तसं मी झाकायचे. मला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन झालं की माणूस आतून दुसरं होऊन येत असेल. मी राखेत थुंकत होते आणि मला कळत होतं, मी तीच आहे. फक्त जागा कमी झाली आहे.

एकोणिसाव्या दिवशी भोगी आली.

सोलापुरात संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याची जत्रा असते, सिद्धेश्वराची. भोगीला देवाच्या लग्नाच्या अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच नंदीध्वज पेलत निघतात, शहर मोकळं होऊन तिकडं वाहतं. अक्का एक वर्ष चुकली नव्हती. पण आधी घरची भोगी. पहाटेच तिनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. वांगं, गाजर, घेवडा, ओला हरभरा, तिळकूट घालून ती मिसळीची भाजी. वर लोणी. मी भिंतीकडं तोंड करून झोपले होते. बायका एकेक येऊन वाढून घेत होत्या. शांताबाई म्हणाली, "सुनंदाचं काय?" कुणीतरी म्हणालं, न खाई भोगी तो सदा रोगी. ही म्हण कोकणात मी ऐकली नव्हती; इथं ती लहान पोरालासुद्धा पाठ. माझ्याकडं बघून कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायका गेल्यावर अक्का वाटी घेऊन आली. भाकरीचा पदर काढून आतला मऊ भाग दुधात कुस्करलेला, त्यात भाजीचा रस्सा. तिनं एकदा त्या भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. मग करंगळी वाटीत बुडवली आणि माझ्या ओठाला लावली. "शास्तरापुरतं," म्हणाली. "देवानं बगितलं तुजं भोगी खाल्लेलं. झालं." वाटीवर ताटली झाकली. "ही गाईला घाल जाता-येता. मी अक्षता टाकून आलेच." आणि हात धुऊन, लुगडं सारखं करून गेली.

घर रिकामं. गल्ली रिकामी. लांबून, तळ्याकडून, हजारो माणसांचं एकदम 'हर्र बोला हर्र' आलं आणि मावळलं. माझ्या ओठावर बाजरी होती, तीळ होता, लोणी होतं. एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा तोंडात तिखटामिठाच्या जेवणाची चव होती. मी ताटली बाजूला केली. चमचा घेतला. पहिला चमचा मी शास्त्रापुरता घेतला असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्याला काही सांगितलं नाही. तिसऱ्यात घेवड्याचा दाणा होता, सालीसकट, तो मी चावलाही नाही. असं घाईघाईनं, जनावरासारखं, उभ्यानं. उरलेलं खरवडायला वाटी तिरकी केली आणि छातीत काहीतरी बसलं. दाराला आतून कडी पडावी तसं.

वाटी विसळली. अक्का आली, कपाळाला भस्म, डोळ्यांत पाणी. "वाटीचं काय केलंस?" "गाईला घातलं." "बरं केलंस."

संक्रांत मी पित्त झालंय सांगून काढली. घोटभर पाणी घेतलं की ते वर यायचं, तोंडात लाळेचा पांढरा फेस दाटायचा, आणि तो मी पोत्यांमागं ठेवलेल्या डब्यात थुंकायचे. तिळगूळ द्यायला बायका आल्या, गोड बोलून गेल्या. मी उशीखाली तिळाच्या वड्या ठेवत होते. किंक्रांतीला सकाळपासून लघवी झाली नव्हती. बोलायचं एकच होतं: अक्का, मी खाल्लं. एवढंच. पण ते बोललं असतं तर तिच्या रांगा, तिचे कागद, ती सही, फडक्यातून दोनदा गाळलेलं पाणी, सगळं मी त्या वाटीत घालून चाटलं असा त्याचा अर्थ झाला असता. माणूस मरणाला भ्यायला पाहिजे. मी अक्काला भ्याले. मी पत्र्याकडं बघत पडून राहिले आणि ठरवलं, जाईल हळूहळू खाली. नाही गेलं तर नाही. संध्याकाळी उठायला गेले आणि भिंत माझ्याकडं आली.

रिक्षा जत्रेच्या गर्दीत अडकली होती. पाळण्यांचे दिवे, भाजलेल्या कणसांचा धूर, पिपाण्या. अक्कानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती रिक्षावाल्याला दोन्ही भाषांत ओरडत होती. तिच्या लुगड्याला तिळाचा वास येत होता. मी देवाला म्हणाले, वाचव. लगेच म्हणाले, पण तिला कळू देऊ नको. एवढं बेरकी मागणं मी कधी मागितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण राग मोठा. "काय खाल्लं हिनं?" मी तोंड उघडलं. अक्का पुढं झाली. "मी चारलं बाई. भोगीचं. शास्तरापुरतं." शास्त्रापुरतं म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही. "तुम्हाला लिहून दिलं होतं की नाही? टाके उसवले असते तर? तुमच्या असल्या मायेनं माणूस मेलं असतं." अक्का पदराचं टोक धरून उभी होती. सात बायकांना दम देणारी ती बाई वॉर्डभर ऐकू जाईल अशी बोलणी खात होती, आणि "व्हय बाई, चुकलं" म्हणत होती. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत होते. थेंब पडत होते. मला बोलायला एक थेंब पुरला असता. बाटली संपली, सिस्टरनं दुसरी लावली, मी बोलले नाही.

दुर्बिणीतून घेवड्याची साल निघाली आणि बाजरीचा गोळा. अक्काला एवढंच सांगितलं, भोगीचं अडकलं होतं. तीन दिवसांनी पहिलं पाणी पोटात राहिलं. अक्का शेजारी बसून प्रत्येक घोटाला माझ्या गळ्याकडं बघत होती.

वर्ष गेलं. मी एकोणचाळीस किलो कमी झाले. केस मूठमूठ गळले, आता परत येताहेत, बारीक, बाळाच्या जावळासारखे. गुडघे चालतात. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. बायका म्हणतात, कुणाची पोर आली म्हणून विचारायचं बाकी राहिलंय. मी हसते, आणि जेवायला सगळ्यांत शेवटी बसते, कारण सहा घासांनंतर मला थांबावं लागतं आणि थांबल्यावर दुसऱ्यांच्या ताटांत बघायची माझी सवय कुणाला दिसू नये. काही दिवस सातवा घास मला भिंतीपलीकडून हाक मारतो. काही दिवस पहिलासुद्धा नको होतो. डॉक्टर म्हणतात, छान चाललंय. मी म्हणते, तुमचे उपकार. ते खरंच आहेत. कुणाकुणाचे म्हणून मोजू.

पण अक्का बदलली. आधी ती बसलेल्याच्या ताटात न विचारता वाढायची. 'नको' हा शब्द तिच्यासाठी नव्हताच. आता ती भांडं घेऊन उभी राहते आणि विचारते, "घालू का? थोडं? नको तर ऱ्हाऊ दे." शांताबाईची सून बाळंत झाली तेव्हा सगळ्यांनी डिंकाचे लाडू नेले, ही रिकाम्या हातानं गेली. "माज्या हातचं कुणाला नको," म्हणाली. पोळ्याला, दिवाळीला, दरवेळी तिचा हात पातेल्याशी जाऊन माघारी यायचा. मी ते बघत होते. तीन चमच्यांचं पाप करून मी वाचले होते आणि ती रोज थोडी थोडी उपाशी मरत होती.

म्हणून परवा 'भोगी करायची न्हाई' ऐकलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. काल संध्याकाळी बायका गेल्यावर ती भाकऱ्यांची पुडकी बांधत होती. मी समोर बसले.

"अक्का, त्या दिवशी वाटी गाईला घातली नव्हती."

तिनं दोरा दातानं तोडला. "मग?"

"मी खाल्ली. तू अक्षताला गेलीस तेव्हा. तीन चमचे. त्यातला घेवडा अडकला होता."

"तीन?"

"तीन."

"करंगळीचं न्हवतं ते?"

"नाही."

तिनं उजवा हात पुढं करून करंगळीकडं बघितलं, जणू ती कुणा दुसरीची होती. "आन मी वर्सभर ही धुवायली की गं," म्हणाली. मग कानडीत काहीतरी म्हणाली, हळू, लांबलचक. इतकी वर्षं झाली तरी मला कानडी पुरतं येत नाही. अर्थ विचारायची हिंमत झाली नाही. मी रडले नाही. रडले असते तर तिला माझी समजूत काढावी लागली असती. एवढी लबाडी मी या वेळेला केली नाही.

पुडकी तशीच टाकून ती उठली. पायांत चप्पल सरकवली. मला वाटलं, निघून चालली. दारातून म्हणाली, "पिशवी घे. बाजार उठंल."

ती पुढं, मी मागं. ती भराभर चालत होती, मान ताठ. पूर्वी मी तिला गाठू शकत नसे. आता सहज गाठलं असतं, पण दोन पावलं मागं राहिले. तिनं बाजरी घेतली, वांगी घेतली, गाजरं घेतली, भाव करताना नेहमीसारखी भांडली. घेवड्याच्या ढिगाशी ती थांबली. विकणारीनं मूठभर शेंगा ताजव्यात टाकल्या. अक्कानं त्या परत ढिगात ओतल्या आणि ताजवा माझ्यापुढं ढकलला.

"तू निवड," माझ्याकडं न बघता म्हणाली. "कवळा बगून घे. तुला चावायचा हाय."